पायाळू

उसण भरलेले तात्या दारात उभे राहिले तेव्हा माझी लेक अकरा महिन्यांची होती. तात्यांचा एक हात कमरेवर, दुसरा चौकटीवर, श्वास अर्ध्यावर अडकलेला. “पोरगी कुठाय? पाय लावून घ्यायचाय तिचा,” एवढंच बोलले. आजीने ओसरीवर पोतं अंथरलं. तात्या पालथे झाले. आजीने पणतीला काखेत धरून तिचा पाय त्यांच्या कमरेला तीनदा लावला. तात्या सावकाश उठले, चहा प्यायले, मोकळं वाटतंय म्हणाले आणि लेकीच्या मुठीत दहाची नोट कोंबून गेले.

कराडजवळच्या आमच्या गावात ही रीत जुनी आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याच्या पायाने उसण जाते, त्याला पुरलेलं धन दिसतं, पावसाळ्यात त्याने विजेपासून जपायचं असतं, असं म्हणतात. सोनोग्राफीत आमचं बाळ पायाळू असल्याचं कळलं तेव्हा मी रडले होते आणि आजी हरखली होती. दिवस पूर्ण भरलेल्या शंभर बाळांपैकी तीन-चार बाळं अशी डोकं वर ठेवून बसलेली असतात. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये २६ देशांतल्या दोन हजारांहून अधिक गर्भवतींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पायाळू बाळासाठी ठरवून केलेलं सिझेरियन अधिक सुरक्षित, असं त्यातून दिसलं आणि जगभरच्या प्रसूतिगृहांतली पद्धत बदलली. माझंही सिझेरियनच झालं. मग पोटातून काढलेली पोर खरी पायाळू की नाही, यावर आत्याने शंका काढली. आजीने निकाल दिला: पोटात कशी बसली होती ते बघायचं, बाहेर कुणी कशी काढली ते नाही.

तात्यांचं हे सगळं मी आतल्या खोलीतून ऐकत होते. मी तीन महिने कमरेचं दुखणं घेऊन माहेरी पडले होते. गावातल्या दुखऱ्या पाठी माझ्या लेकीच्या पायाखालून जात होत्या आणि माझी पाठ मात्र मी कुणाला हात लावू देत नव्हते. कमरेला जरासाही धक्का लागता कामा नये, असं मला बजावलेलं होतं, आणि मी ते अक्षरशः पाळत होते.

आणखी एक पाठ त्या ओसरीवर होती. आजीची. सात बाळंतपणं, भाताची लावणी, शेणाच्या पाट्या यांनी पुढे झुकलेली. तिच्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

गादी सरकली

बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपवून पुण्याला कामावर रुजू होऊन मला दोन महिने झाले होते. एका सकाळी लेकीला टबातून काढायला वाकले आणि कमरेत चमक निघाली. हातात ओली, निसटती लेक. तिला सोडता येईना, सरळ होता येईना. नवरा धावत येईपर्यंत तशीच वाकून उभी राहिले. त्याने तिला घेतलं, मी भिंत धरत खाली बसले, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठले नाही.

आठ दिवसांत बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. महिना झाला तरी कळ येतच होती. एमआरआय काढला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फुगलीय, असं अहवालात आलं. घरात त्याचं ‘गादी सरकली’ झालं, शेजारी ‘मणका सरकला’ झालं आणि माझ्या मनात तो केव्हाही तुटेल असं झालं. डॉक्टरांनी यादी दिली: वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही, पट्टा बांधायचा. आठ किलोंचं मूल घरात असलेल्या बाईला ही यादी मिळाली होती. ती पाळायची कशी, हे मीही विचारलं नाही.

मग मी माझ्यापुरते नियम केले. लेक रांगत जवळ आली की पाय आकसून घ्यायचे. तिने हात वर केले की दुसरीकडे बघायचं. रात्री ती रडली की उठायला नवऱ्याला हाक मारायची. तिला दूध पाजायचं ते आडवं पडून. पुण्यात हे झेपेना म्हणून माहेरी आले. तिथे आजी, आई, आत्या, शेजारच्या काकू अशा चार बायकांनी लेकीला वाटून घेतलं. मी मात्र पडून राहिले आणि दर आठवड्याला आधीपेक्षा कमी चालू शकले.

सगळ्यांचा दोष एका गोष्टीवर: मणक्यात दिलेलं इंजेक्शन. महाराष्ट्रात सिझेरियन झालेल्या दहा बायका एकत्र बसल्या की हा विषय निघतोच. मीही कित्येक महिने तेच सांगत होते. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखतं, हे खरं. पण बाळंतपणातल्या भुलीचा आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या पाठदुखीचा संबंध नंतरच्या काटेकोर अभ्यासांत दिसलेला नाही. मी हे वाचलं तेव्हा दिलासा वाटण्याआधी थोडा रागच आला. कारण दोष द्यायला एक सुई होती, तीही गेली.

फुगलेल्या गादीचं काय करायचं?

पुण्याला परतल्यावर एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेले. त्यांनी माझा एमआरआय बाजूला ठेवला आणि आधी मला खाली वाकून जमिनीवरचा रुमाल उचलायला सांगितला. मला रडू फुटलं. चार महिन्यांत मी स्वतःहून वाकले नव्हते.

त्यांनी जे समजावलं ते पुढे मी स्वतः वाचून पडताळलं. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना पाठदुखीचा कसलाही त्रास नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या ३० टक्के, तिशीतल्या ४० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के निरोगी माणसांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. डोक्यावर पांढरा केस दिसावा तसं हे. माझी गादी फुगलेली होती हे खरं. माझं दुखणं त्या गादीतूनच येतंय, हे त्यावरून सिद्ध होत नव्हतं. कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्याचं एकच ठाम शारीरिक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही.

म्हणजे दुखणं खोटं असतं का? मुळीच नाही. १९७९ साली वेदना-अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. वेदना हा शरीराचा आणि मनाचा मिळून अनुभव आहे. इजा झाली असेल तेव्हा तो येतो, आणि इजा नसतानाही अगदी तसाच येऊ शकतो, असा तिचा आशय. तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच अधिक हळवी होऊ शकते. राखणीचा कुत्रा एकदा चोर येऊन गेल्यावर पुढे वाऱ्याने हललेल्या पानावरही भुंकावा, तसं. भुंकणं खरं असतं, झोप खरोखर मोडते. पण दारात दर वेळी चोर नसतो.

अशा कुत्र्याला शांत करायचं तर त्याला बांधून अंधारात ठेवून भागत नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या रिचर्ड डेयो यांनी कंबर धरलेल्या रुग्णांना दोन दिवसांची आणि सात दिवसांची अंथरुणावरची विश्रांती देऊन पाहिली. दोनच दिवस पडून राहिलेल्यांचे कामाचे खाडे कमी झाले. जास्त पडून राहण्याचा कसलाच फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी आपली पहिली मार्गदर्शिका काढली. दुखण्याची नीट समज देणं, व्यायाम, मनाला मदत करणारे उपचार, मालीश यांना तिने जागा दिली. कंबरेचे पट्टे, वजन लावून पाठ ताणणं आणि अफूवर्गातली औषधं सरसकट वापरू नयेत, असं सांगितलं. आपल्याकडे प्रत्येक औषधाच्या दुकानात दर्शनी भागात टांगलेला तो पट्टा मी कित्येक महिने दिवसरात्र बांधत होते. त्याने दुखणं हटलं नाही, आपण मोडलोय ही समजूत तेवढी घट्ट आवळली गेली.

जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. माणसाला काम करण्यापासून अडवणाऱ्या आजारांत ती सगळ्यांत वरची. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ती अधिक. एवढ्या मोठ्या संख्येतली प्रत्येक बाई आपापल्या आतल्या खोलीत एकटीच असते, हे मात्र आकड्यात येत नाही.

त्रेचाळीस वेळा

लहान मूल असतानाच पाठ का धरते, याचं उत्तर एका जागी नाही. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे ओटीपोटाच्या हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल होतात. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा जवळ यायला वेळ लागतो. पुढून आधार देणारी भिंत अशी ढिली असताना मागच्या स्नायूंवर भार वाढतो. त्यात झोप तुटलेली. सलग झोप मिळाली नाही की वेदना सहन करण्याची शक्ती घटते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. तान्ह्या मुलाच्या आईला ते प्रयोगाशिवायही माहीत असतं.

आणि मूल रोज जड होत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलीचं मध्यम वजन सहाव्या महिन्यात ७.३ किलो, वर्षाला ८.९, दोन वर्षांना ११.५, तीन वर्षांना १३.९. म्हणजे कायद्याची सव्वीस आठवड्यांची रजा संपते, त्याच सुमाराला उचलण्याचं खरं काम सुरू होतं. बसायला लागलेलं, रांगणारं, चालू पाहणारं मूल दिवसभर वर यायला मागतं. मी एका रविवारी वहीत रेघा मारून मोजलं: सकाळपासून रात्रीपर्यंत घरातल्या तिघांनी मिळून लेकीला त्रेचाळीस वेळा उचललं होतं. त्यातल्या तीस वेळा जमिनीवरून.

ढोबळ हिशेब असा. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. नऊ किलोंचं मूल पोटापासून दूर, मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरलं, तर तोल सांभाळायला त्या स्नायूंना जवळजवळ ७२ किलोंची ओढ द्यावी लागते. तेच मूल छातीशी धरलं, अंतर २० सेंटिमीटर झालं, की ओढ निम्म्यावर येते. टबातून, पाळण्याच्या कठड्यावरून, रिक्षाच्या आतून आपण मूल नेमकं हात लांब करूनच काढतो.

आपली घरंही अशी की मुलाचं सगळं जगणं जमिनीवर. पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळाला पालथं घालून न्हाऊ घालायचं. गोधडीवर लंगोट बदलायचा. साडीची झोळी गुडघ्याच्या उंचीवर. मूल कडेवर घ्यायचं ते एकाच, सवयीच्या बाजूला, म्हणजे उजवा हात कामाला मोकळा राहतो. यातलं काहीच वाईट नाही. माणसाची पाठ वाकण्यासाठी, उचलण्यासाठीच घडली आहे, आणि जमिनीवर बसून उठणारं शरीर अधिक लवचीक राहतं. वाईट आहे ते हे सगळं एकाच बाईच्या, एकाच पाठीच्या वाट्याला, झोपेशिवाय येणं.

फडातली पाठ

गेल्या जानेवारीत गावी गेले तेव्हा उसाच्या फडावर गेले होते. आमच्याकडच्या कारखान्यांना दर हंगामात मराठवाड्यातून, बीडकडून टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम दोघांची मिळून उचल देतो. पहाटे काळोखात तोड सुरू होते. बाई वाकून उसाला बुडाशी छाटते, वाढं तोडते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. मोळी तीस-चाळीस किलोंची.

एका बाईचा दीड वर्षाचा मुलगा बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत होता. दर थोड्या वेळाने ती मोळी टाकून येई, त्याला पाजे, पुन्हा जाई. पाठीचं विचारलं तेव्हा तिला प्रश्नच विचित्र वाटला. पाठ दुखतेच, त्यात काय सांगायचं, असं तिचं म्हणणं. खाडा झाला तर पैसे कापले जातात, तेव्हा दुखणं अंगावर काढायचं आणि रात्री खोपीत नवऱ्याला कमरेवर पाय द्यायला सांगायचं.

याच बायकांच्या बाबतीत काय घडलं ते आपल्या विधिमंडळापर्यंत गेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समिती नेमली गेली. तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची ती शस्त्रक्रिया झाल्याचं पाहणीत पुढे आलं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर दुखणं अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या कित्येक बायका पिशवी गमावून परतल्या, आणि पुढच्या हंगामात पुन्हा मोळ्या वाहू लागल्या.

त्या फडावर मला माझं दुखणं वेगळ्या जागेवरून दिसलं. तिच्या वाट्याला विसावा नव्हता, माझ्या वाट्याला हालचाल नव्हती. दोघींच्या पाठी दुखत होत्या. केवळ ओझ्याने पाठ जाते म्हणावं तर मी कित्येक महिने ओझं उचललं नव्हतं. केवळ आळसाने जाते म्हणावं तर तिच्याइतकं कुणी राबत नव्हतं. पाठीला काम हवं, कामानंतर विसावा हवा, आणि कधी थांबायचं हे ठरवण्याचा हक्क तिचा तिला हवा. मला पहिलं नाकारलं गेलं होतं, तिला उरलेली दोन्ही.

बाहुली

मी बदलायला हवं असं मला कुणा डॉक्टरमुळे वाटलं नाही. ते लेकीमुळे वाटलं. ती पावणेदोन वर्षांची होती. खेळण्यातली बाहुली तिने जमिनीवर ठेवली होती. एक हात कमरेवर ठेवून, तोंड वाकडं करून ती बाहुलीला सांगत होती, “नाही. आईला बाऊ. खालीच.” बाहुलीला ती उचलत नव्हती.

जुनं दुखणं असलेल्या आईवडिलांच्या मुलांमध्ये दुखण्याच्या तक्रारी अधिक आढळतात, असं संशोधन सांगतं. त्यातलं काही रक्तातून येतं, काही पाहण्यातून. दुखलं की कसं वागायचं, हे मूल आपल्याकडे बघून शिकतं. मी माझ्या लेकीला शिकवलं होतं की आईचं शरीर काचेचं आहे आणि आपण जवळ गेलो की ते फुटतं. तिने हट्ट करणं सोडून दिलं होतं. शेजारणी तिला समजूतदार म्हणत होत्या. पावणेदोन वर्षांच्या मुलाने इतकं समजूतदार असणं बरं नव्हे.

त्या आठवड्यात मी पट्टा माळ्यावर टाकला. फिजिओबाईंनी आधीच सांगून ठेवलेली वाट धरली: भीती वाटते तेच, पण थोडं थोडं. दोन किलोंची पिठाची पिशवी ओट्यावरून उचलायची, मग स्टुलावरून, मग जमिनीवरून. दोन आठवड्यांनी पाच किलोंची. मग दहा. दुखायचं, पण दुखणं म्हणजे मोडणं नव्हे, हे दर वेळी स्वतःला सांगायचं. सोबत चालणं. पहिल्यांदा सोसायटीच्या फाटकापर्यंत, मग रोज अर्धा तास. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. कंबरदुखीतून उठलेल्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, तेव्हा दुखणं उलटून येईपर्यंतचा मध्यक काळ २०८ दिवसांचा निघाला. न चालणाऱ्यांत ११२ दिवस. चपलांखेरीज या औषधाला खर्च नाही. खर्च आहे तो अर्ध्या तासाचा, आणि तो अर्धा तास मूल कुणीतरी सांभाळायला हवं.

उचल नाही, चढ

इथे घरातली घडी बदलावी लागली. मी आणि नवरा वही घेऊन बसलो. त्रेचाळीस रेघांपैकी कुठल्या कुणाच्या, कुठल्या नकोतच, ते ठरवलं. लेकीची आंघोळ कायमची त्याची झाली; टब जमिनीवरून उंच चौरंगावर गेला. रात्री दोनपर्यंत तो उठणार, दोननंतर मी, म्हणजे प्रत्येकाला चार-पाच तासांची सलग झोप. सासूबाई म्हणाल्या, “तू खाली बसलीस की ती आपोआप येते गं अंगावर, उचलतेस कशाला?” किती साधी गोष्ट होती ती. मुलाला उंची नको असते, कूस हवी असते. मी जमिनीवर बसायला लागले आणि ‘उचल’ हा शब्द हळूहळू मागे पडला. त्याच्या जागी ‘चढ’ आला. पलंगाशी एक लाकडी पायरी, खुर्चीशी एक स्टूल. ती चढून मांडीत यायची, आणि आपण स्वतः वर आलो याचा तिला कोण आनंद!

उचलायचंच तेव्हा आधी तिच्यापर्यंत जायचं, एक गुडघा टेकायचा, तिला पोटाशी घ्यायचं आणि मग उठायचं. कड बदलत राहायची. दुखणं उसळलं तर दोन दिवस कामं हलकी, पण अंथरूण धरायचं नाही. आणि लेकीला खरं सांगायचं: “आज पाठ दुखतेय. थोड्या वेळाने कमी होईल. आपण झोपून गोष्ट सांगू.” दुखणं येतं आणि जातं, हेही मुलाने पाहिलं पाहिजे.

आमच्या घरात हे जमलं, कारण नवऱ्याने ते ‘मदत’ म्हणून केलं नाही, स्वतःचं काम म्हणून घेतलं. देशाचं चित्र वेगळं आहे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटं घरकामात घालवताना दिसल्या, पुरुष ८८ मिनिटं. मुलं-म्हातारी माणसं सांभाळण्यात स्त्रियांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. २०१७ च्या कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. फडावरच्या बाईला तो कायदा ठाऊकही नाही. तिचं पाळणाघर म्हणजे बाभूळ. कंबरदुखीवरच्या उपचारांत या मिनिटांचा आणि या बाभळीचा विचार झाल्याशिवाय नुसते व्यायामाचे कागद हातात देऊन काही होणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. दुखण्याला घाबरू नये याचा अर्थ तपासू नये असा नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागाची संवेदना जाणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, घटत जाणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याच्या क्षयाचा विचार व्हायलाच हवा; जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त पाठ आखडलेली राहते आणि हालचालीने सुटते, असं तरुणपणीच सुरू झालं तर सांध्यांच्या दाहाची तपासणी करावी. बाळंतपणानंतर अचानक उठलेली तीव्र कळ क्वचित हाड ठिसूळ झाल्याचीही असते. ‘बाळंतिणीची कंबर दुखायचीच’ म्हणून यातलं काहीही अंगावर काढू नये.

आता कोण?

माझी पाठ आजही दुखते. महिन्यातून दोन-तीन दिवस, कधी जास्त. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. तिच्यासह जगायला जागा झाली, एवढं खरं.

या गणपतीत गावी गेलो. एसटीच्या प्रवासात कंबर धरली आणि उतरताना उसण भरली. लेक आता सव्वाचार वर्षांची, सोळा किलोंची. ओसरीवर बसलेल्या आजीने मला वाकडं चालताना पाहिलं आणि कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. “घरची पायाळू आहे, लावून घे की गं.”

मी पोतं अंथरलं आणि पालथी झाले. लेक शेजारी येऊन उभी राहिली.

“आई, तुला दुखेल?”

“दुखलं तर सांगेन. तू चढ.”

नवऱ्याने तिचा हात धरला. एक पाय, मग दुसरा. सोळा किलो माझ्या कमरेवर उभे राहिले, त्याच जागेवर, जिथे कधीकाळी मी कापडाची घडीसुद्धा लागू देत नव्हते. तिच्या पायाची बोटं आधार शोधत किंचित वळली. दुखलं, आणि मग सैल झालं. ती तीन पावलं पुढे, तीन पावलं मागे चालली. पायाळूच्या पायाने उसण जात नाही, हे मला माहीत आहे. माझी उसणही दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधाने चालून आल्यावर सुटली. पण गावाने ही रीत शेकडो वर्षं का धरून ठेवली असेल, ते मला त्या पोत्यावर कळलं. दुखणारं माणूस त्या निमित्ताने आतल्या खोलीतून ओसरीवर येतं. मला दुखतंय, असं चारचौघांत म्हणतं. आणि कुणीतरी त्याच्या पाठीला भीती न बाळगता स्पर्श करतं.

लेक खाली उतरली. इकडेतिकडे पाहत म्हणाली, “आता कोण?”

कुणी काही बोललं नाही. मग आजीने काठी भिंतीला टेकवली. नव्वदीला आलेली, पार पुढे झुकलेली आजी. गावभरच्या कमरांना पणतीचा पाय लावणारी, आणि स्वतःच्या पाठीविषयी मी तरी कधी अवाक्षर न ऐकलेली. तिला पालथं होता येत नाही. ती सावकाश कुशीवर झाली आणि लुगड्याचा काष्टा सावरत म्हणाली, “हळू लाव गं बाई. चढू नको.”

लेकीने पाय पुसून घेतला आणि तिच्या वाकलेल्या पाठीला अलगद टेकवला.